बसायला जागा

समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांसाठी चालणाऱ्या आमच्यासारख्या सेंटरचं काम आकड्यांत मोजतात. महिन्यात किती जणांची एचआयव्ही तपासणी झाली, किती कंडोम वाटले, किती जण एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचारावर, गेले. समुपदेशक म्हणून हे तक्ते मीही भरत आलो आहे. पण सेंटरमध्ये सगळ्यांत जास्त जे चालतं, त्याला तक्त्यात रकानाच नाही. लोक येऊन नुसते बसतात.

मुंबईत या बसण्याचं मोल मोठं. एका खोलीत अख्खं कुटुंब राहतं, तिथे आरशासमोर दोन मिनिटं एकटं उभं राहणंही अवघड. बाहेर बागा आणि रेल्वे स्टेशनं आहेत, पण तिथे पोलिसांचा आणि पैसे उकळणाऱ्यांचा धाक. सेंटरवर एखादा मुलगा सॅकमधून साडी काढतो, निऱ्या मनासारख्या बसेपर्यंत तीनदा सोडतो, मग चहा पीत गप्पांत रमतो. निघताना खोबरेल तेलाने काजळ पुसायचं आणि शर्ट-पँट चढवून लोकल गाठायची.

अशी जागा मुंबईत सहज उभी राहिली नाही. अशोक राव कवी यांनी 1990 मध्ये समलिंगी समाजासाठी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केलं, 1994 मध्ये याच समाजासाठी काम करणारा ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन झाला आणि पुढे सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्यात, महापालिकेच्या इमारतीत त्याला जागा मिळाली. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 लागू होतं. म्हणजे कायदा ज्यांना गुन्हेगार ठरवत होता, त्यांनाच पालिका छप्पर देत होती. कारण एकच: एचआयव्हीची साथ. ज्यांच्यापर्यंत सरकारी दवाखाना पोहोचत नव्हता, त्यांच्यापर्यंत त्यांचीच माणसं पोहोचू शकत होती. तरी हे कवच पातळच. 2001 मध्ये लखनौत हेच एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी 377 खाली अटक केली होती.

आजाराच्या निमित्ताने पैसा आला, तो आजाराच्या हिशेबानेच वाटला गेला. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी ‘जोखमीचे गट’ ठरले. स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया त्या यादीत बसेनात. 1995 मध्ये मुंबईतच ‘स्त्री संगम’ हा गट सुरू झाला, पण प्रकल्पाचा निधी नसलेल्या अशा गटांना एकमेकींच्या घरांचाच आधार.

6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे संबंध 377 मधून वगळले. आता मोबाइलवर ॲप आहेत, सेंटर कशाला, असं तेव्हापासून मला विचारतात. ॲपवर भेट ठरते. पण आईला तिथे कसं नेणार? निकालानंतरही पालक येतात, खुर्चीच्या कडेवर टेकतात आणि विचारतात, “लग्न लावून दिलं तर सुधारेल ना हो?” त्यांना मी सांगतो, हा आजार नाही आणि लग्न हा त्यावरचा उपाय नाही, उलट आणखी एका मुलीचं आयुष्य त्यात ओढलं जाईल. एका भेटीत हे पटत नाही. बाहेर बसलेली दुसरी एखादी आई मात्र माझ्यापेक्षा लवकर पटवते.

अशा दोन आयांच्या भेटीसाठी कोणत्याच प्रकल्पात तरतूद नसते. आजारासाठी आलेला निधी प्रकल्पाबरोबर संपतो, भाडं चालूच राहतं. ज्येष्ठांना विरंगुळा केंद्र देताना आपण त्यांचे रक्ताचे रिपोर्ट मागत नाही. शहराचा नागरिक एवढी ओळख त्यांना पुरते, तर आम्हालाही पुरावी.