खेळाबाहेरची बटणं

घरी बनवलेल्या आर्केड यंत्राच्या कंट्रोल पॅनेलवर दोन कुळांची बटणं नांदतात. पहिलं कूळ खेळणाऱ्याच्या बोटांचं: उडी, गोळी, ठोसा. दुसरं खेळाच्या चौकटीबाहेरचं: नाणं, सुरुवात, विराम, मेनू आणि निरोप. यांनाच फंक्शन बटणं म्हणतात. पॅनेलची आखणी करताना ती हमखास शेवटी आठवतात, आणि ती नसली की खेळ ऐन रंगात असताना कीबोर्ड शोधायला वाकावं लागतं.

जुन्या आर्केडमध्ये नाण्याचं बटण नव्हतं. खरं नाणं फटीतून घरंगळत जाई, वाटेतल्या स्विचची बारीक तार दाबली जाई आणि एका खेळाचे पैसे आल्याचं यंत्राला कळे. सर्व्हिस आणि टेस्टची बटणं कुलूपबंद दाराआड असत, फक्त मालकासाठी. खेळाचा सर्किट बोर्ड यंत्राला जोडणाऱ्या, १९८५ पासूनच्या जामा जोडणीच्या ५६ पिनांमध्येही नाणं, सर्व्हिस, टेस्ट यांना आपापली जागा आहे. १९९७ मध्ये जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणारं मेम हे सॉफ्टवेअर आलं आणि हा सगळा कारभार कीबोर्डवर उतरला. ५ म्हणजे पहिल्या खेळाडूचं नाणं, १ म्हणजे सुरुवात, जुन्या आवृत्त्यांत पी म्हणजे विराम, टॅब म्हणजे मेनू, एस्केप म्हणजे बाहेर. घरच्या पॅनेलवरचं फंक्शन बटण यातल्याच एखाद्या कळीचं काम करतं.

बटण आणि संगणक यांच्यामधला दुभाषा म्हणजे एन्कोडर. बटणाखालच्या मायक्रोस्विचला तीन टोकं असतात: कॉमन, नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज्ड. कॉमनला ग्राउंडची तार, नॉर्मली ओपनला एन्कोडरकडून आलेली त्या कळीची तार. ती चुकून तिसऱ्या टोकाला लागली, तर बटणाला कुणी हात लावला नसतानाही एन्कोडरला ते दाबलेलंच दिसतं. प्रवाह अगदी क्षीण असल्यामुळे बारीक तारेवर भागतं. डाग देण्यापेक्षा थिंबल दाबून बसवणं बरं. पुढे स्विच बदलायचा झाला तर नुसती ओढली की निघते.

ग्राउंड मात्र सगळ्यांचं एकच. ही तार माळेतल्या दोऱ्यासारखी एका बटणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ओवत नेतात. दोरा मध्येच तुटला की पुढची सगळी बटणं एकदम मुकी होतात. म्हणून शेवटच्या बटणावरून ती तार परत एन्कोडरच्या ग्राउंडवर आणावी. मग एखादी थिंबल निसटली तरी दुसऱ्या बाजूने वाट उरते. हातभर जास्तीच्या तारेत मिळणारी ही निश्चिंती फार मोलाची आहे. नवं बटण वाढवणंही मग सोपं: शेजारच्या बटणावरून ग्राउंडचा तुकडा आणि एन्कोडरच्या रिकाम्या टोकापर्यंत एक तार.

रिकामं टोकच उरलं नसेल, तर आय-पॅकसारख्या एन्कोडरमध्ये शिफ्टची युक्ती आहे. पहिल्या खेळाडूचं स्टार्ट दाबून धरलं की बाकीच्या बटणांना दुसरा अर्थ मिळतो. पॅनेल मोकळं आणि देखणं राहतं, पण पहिल्यांदाच खेळायला आलेल्या पोराला ही खूण कळणार कशी? नाणं आणि विराम यांना तरी स्वतंत्र बटण हवंच.

जागेचा प्रश्न तारांपेक्षा नाजूक. खेळाची बटणं साधारणपणे ३० मिलिमीटरची असतात. फंक्शनसाठी २४ मिलिमीटरची घेतली तर न बघताही बोटांना फरक कळतो. ती पॅनेलच्या वरच्या कडेला, जॉयस्टिकपासून लांब असावीत. एस्केप तर तळहाताच्या वाटेत कधीच येता कामा नये. तासाभराच्या खेळीवर एका धक्क्याने पाणी पडतं. बाहेर पडण्याआधी विचारून घेण्याची सोय मेममध्ये आहे, तीही चालू ठेवावी.

ड्रिल हातात घेण्याआधी पुठ्ठ्यावर मांडणी करून तिच्यावर दोन्ही हात ठेवून पाहावेत, आणि पॅनेल बंद करण्याआधी प्रत्येक तारेला तिच्या कळीचं नाव लिहिलेली चिठ्ठी लावावी.