वहिनींचं औषध आणि नरक्या

१८ जून, जाफराबाद
वहिनींच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर आजपासून नवं औषध सुरू झालं, इरिनोटेकॅन. संभाजीनगरहून येताना भोकरदनपर्यंत त्या डोळे मिटून पडल्या होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, हे कशापासून करतात हो?" झाडापासून, एवढंच सांगता आलं. शोधून सांगतो म्हटलं.

२० जून
मूळ द्रव्य कॅम्प्टोथेसिन. अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते एका चिनी झाडातून वेगळं काढलं आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध केलं. वाणी जन्मले नंदुरबारला, १९२५ साली. वहिनींना सांगितलं तर त्यांचा चेहरा खुलला. त्यांचं माहेर खानदेशातलं. पुढची वाट मात्र लांब होती. मूळ द्रव्य रोग्यांना सोसेना, चाचण्या थांबल्या. पेशी दुणावताना डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकराला हे द्रव्य जखडून टाकतं, हे १९८५ मध्ये उमगलं. मग त्यात बदल करून इरिनोटेकॅन झालं आणि १९९६ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

२३ जून
हेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात भरपूर आहे. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी ते दाखवून दिलं. नरक्या म्हणजे सदाहरित रानातलं, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं लहानसं झाड. कोयना, राधानगरी, आंबोलीकडचं. आंबोलीत वर्षाला ७,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या बाभळी-पळसाच्या मुलखात तसं रान कुठलं!
द्रव्य साल, लाकूड आणि मुळांत, म्हणून झाडच तोडतात. तुकडे करून, वाळवून, पोती भरून रवाना. सिंधुदुर्गातून नरक्याच्या तस्करीच्या बातम्या अधूनमधून येतात. वहिनींच्या बाटलीतलं द्रव्य कुठल्या झाडाचं, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. ते लिहायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

२६ जून
पाऊस आला. सोयाबीन पेरायची घाई आहे, पण वहिनींना जुलाब लागलेत, या औषधाचा ठरलेला त्रास. गोळ्या आणि मीठ-साखरेचं पाणी चालू आहे. त्यांच्या उशाशी बसून वाचत होतो. वॉल आणि वाणी यांनीच पॅसिफिक यू झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे कर्करोगावरचं दुसरं औषध काढलं होतं. साल सोलली की झाड मरायचं. पुढे युरोपातल्या यूच्या पानांपासून ते बनवायची रीत निघाली. पानं परत फुटतात. नरक्याचा बुंधा राखून कापला तर त्यालाही धुमारे येतात, पण चोरून तोडणारा मुळंही खणतो.

२ जुलै
दुसरी मात्रा झाली. ताकद बरी आहे. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तोडतात तेवढी लावतात का?" जप्त झालेल्या नरक्याचं पुढे काय होतं, तोडलेल्या जागी लागवड होते का, हे माहितीच्या अधिकारात वन विभागाला विचारायचं ठरवलंय. अर्जाचा मसुदा वहिनी वाचतायत. दोन प्रश्न त्यांनीच वाढवले.