एक-तीन-चार-दोन

"आषाढीच्या आत गाडी हलवा हं काका," मंडळाची पोरं दर चार दिवसांनी आठवण करतात. त्यांचं काही चुकत नाही. चाळीला पटांगण एकच, आणि श्रावण लागायच्या आधी तिथे मंडपाचे बांबू येऊन पडतात. लालबागात गणपतीसाठी माणसं राहत्या खोल्या रिकाम्या करतात, तिथे गाडीचं काय घेऊन बसलात! तरी ताडपत्रीखाली चार विटांवर उभी असलेली माझी फियाट तीन वर्षं 'आता होईलच' या बोलीवर तिथे टिकून आहे आणि मंडप तिला वळसा घालतो. गेल्या वर्षी पोरांनी तिच्या टपावर प्रसादाची खोकी रचली होती. म्हटलं, चला, काही तरी उपयोग झाला.

गाडी १९७१ ची, फियाट ११०० डिलाइट. हिचंच नाव पुढे प्रेसिडेंट झालं, आणि १९७४ पासून पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती घडली. नकाशा इटलीचा, माहेर कुर्ल्याचं. करी रोडहून पाचवं स्टेशन.

आमच्या चाळीत ती आली डॉक्टरांची म्हणून. त्यांचा दवाखाना नाक्यावर, गाडी लावायला जागा नाही, म्हणून ती आमच्या पटांगणात मुक्कामाला असे. थंडीत बॅटरी बसायची. मग आम्ही सात-आठ पोरं मागून रेटायचो, डॉक्टर दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचे, आणि एक मोठा आचका देऊन ती खोकत सुरू व्हायची. मजुरी म्हणून भारतमाता टॉकीजपर्यंत एक फेरी. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असल्यामुळे पुढच्या सलग सीटवर तिघं सहज मावत. आम्ही पाच बसायचो. रात्री-अपरात्री तो आवाज आला, मागून दाराचा 'ढप्प' ऐकू आला, की गॅलरीत दिवे लागत. कुणाकडे आले, एवढं कळेपर्यंत चाळीला झोप नसे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर आवाज तसाच येत राहिला, फीचं नाव मात्र डॉक्टरांनी काढलं नाही. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने गाडी भंगारात द्यायचं ठरवलं, तेव्हा मी मध्ये पडलो. का पडलो, हे बायको अजून विचारते.

माझा भाचा अमेरिकेत असतो. त्यालाही हाच नाद, फक्त घराला गॅरेज आहे आणि गाडी आहे १९६४ ची पॉन्टिअॅक जीटीओ. तिथे अशा गाड्यांना मसल कार म्हणतात, म्हणजे पैलवान गाडी. आठ सिलिंडरचं इंजिन, ३८९ घन इंच, आपल्या हिशेबाने जवळजवळ ६४०० सीसी. मी बसून भागाकार केला. तिच्या एकेका सिलिंडरमध्ये आपली अख्खी मारुती ८०० मावते. माझ्या फियाटचं पूर्ण इंजिन १०८९ सीसीचं, म्हणजे त्या पैलवानाचे दीड सिलिंडरसुद्धा भरत नाहीत. भाचा व्हिडिओ कॉलवर इंजिन रेझ करून दाखवतो. मी त्याला कार्बोरेटर दाखवतो, स्वयंपाकघरातल्या परातीत पेट्रोलमध्ये भिजत पडलेला. परात आता माझीच झाली आहे.

गॅरेज नसलं की सगळं घर गॅरेज होतं. नट-बोल्ट चिवडा गल्लीतून आलेल्या चिवड्याच्या बरण्यांत, डिस्ट्रिब्युटर देव्हाऱ्याच्या खालच्या खणात, दारं गॅलरीत भिंतीला टेकून. एप्रिल-मेमध्ये मसाला गल्लीत डंक सुरू झाले, की मिरचीचा खाट वाऱ्याबरोबर पटांगणात उतरतो. गाडीखाली उताणं पडून, डोळ्यांसमोर गंजाचे पापुद्रे झडत असताना आलेली शिंक काय असते, ते भाच्याला कळायचं नाही.

सामान शोधणं हा वेगळाच संसार. ऑपेरा हाऊसची दुकानं, चोर बाजार, कुर्ल्याचा सीएसटी रोड. काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावर होती तोवर फारशी चिंता नव्हती. मुंबईतला कुठलाही टॅक्सीवाला हिचा वैद्य. पंप तापून पेट्रोलची वाफ झाली, तर त्यावर ओलं फडकं ठेवायचं, हे शिक्षण मला एका टॅक्सीवाल्यानेच दिलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही उरली नाही. त्या दिवसापासून दुकानदार मला 'कोणती गाडी?' असं विचारून उत्तर ऐकल्यावर आधी चहा सांगतात. पार्ट नसल्याची बातमी चहाबरोबर बरी जाते.

इंजिनाचा भार तळमजल्यावरच्या काकांवर. ते गिरणीत फिटर होते. गिरणी गेली, हात कुठे ठेवायचे, हा प्रश्न त्यांना चाळीस वर्षं पडला आहे. साचेखात्याच्या गोंगाटात एक साचा बिघडला, तर तो कुठला, हे ते बसल्या जागेवरून सांगत. आता ऐकायला कमी येतं. तरी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकून डोळे मिटतात, आणि आवाज कानातून न जाता हाडातून जातो. "एक-तीन-चार-दोन," ते पुटपुटतात. चार सिलिंडर पेटायचा हा क्रम; अथर्वशीर्षाचं आवर्तन चालावं तसं त्यांचं चालतं. मग डोळे उघडून निकाल: "तिसरो बोलणा नाय रे." प्लग बदलला, वायर बदलली, टॅपेट लावले. तिसरा मधूनच बोलतो, मधूनच रुसतो.

रंगाचा प्रश्न मात्र काकांच्या कानाने सुटणारा नव्हता. मला आठवते ती पांढरी गाडी. चाळीत कुणालाही विचारा, डॉक्टरांची पांढरी फियाट. पण मडगार्डवर पॉलिश पेपर मारला, तर पांढऱ्याखाली आकाशी निघाला, आकाशीखाली फिकट करडा-हिरवा, आणि मगच प्रायमर. म्हणजे कुर्ल्याहून निघाली ती हिरवट. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते. नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात, आणि गाडी मूळ रूपात असावी लागते. मूळ रूप कुणाचं? कारखान्यातून निघाली तेव्हाचं, की मी तिला पहिल्यांदा रेटली तेव्हाचं? पुराणवस्तूवाले यावर भांडत असतील. मी महिनाभर झोप घालवली.

रंग द्यायला गणपतीच्या कारखान्यातला एक कारागीर तयार झाला. माघी गणपती उरकले होते, भाद्रपद लांब होता. त्याचीच स्प्रे-गन, त्याचाच कॉम्प्रेसर. बॉनेटवर फवारा मारताना मनगट असं फिरे, जणू सोंडेचं वळण घेतो आहे. दुसऱ्या हाताच्या वेळी थांबून म्हणाला, "आमचं बरं, साहेब. अकरा दिवस, की पाण्यात. पुढच्या वर्षी नवीन माती. तुम्ही एकाच मूर्तीला किती वर्षं रंगवत बसणार?"

ज्या वस्तीत वीस-वीस फुटांच्या मूर्ती दरवर्षी निरोप घेऊन मोकळ्या होतात, तिथे मी पत्र्याचा गंज खरवडत बसलो आहे. आमच्यासमोरची गिरणीची चिमणी गेली, तिच्या जागी टॉवर आला. कुणी तिला रंग दिला नाही, आणि विसर्जनही वाजतगाजत झालं नाही. याचं उत्तर त्याला द्यायचं होतं, पण तोवर त्याने गन चालू केली होती.

रंग मी पांढराच दिला. व्हीए गेला तर जाऊ दे. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा पत्रा मात्र तसाच ठेवला आहे, त्यात तिन्ही रंग दिसतात.

परवा, आषाढीच्या आदल्या रात्री, विटा काढल्या. बॅटरी नवी असूनही गुरगुरून बसली. तिलाही जुनी सवय लागली असावी. मंडळाची पोरं आली, पण त्यांना बाजूला सारून आम्हीच लागलो. पूर्वीच्या आठांपैकी तिघं उरलेले, एकाचा गुडघा बदललेला. फिटरकाका स्क्रूड्रायव्हर घेऊन शेजारून चालत होते. दुसरा गिअर, क्लच, आचका. ती खोकली, थरथरली आणि धरली. तिसरासुद्धा बोलला. पावसात आतच ऐकत बसलो आणि मग उतरून दार लावलं. ढप्प.

दुसऱ्या मजल्यावर दिवा लागला. नव्वदीच्या आजी कठड्याला धरून वाकल्या. त्यांना आता दिसत नाही.

"कुणाकडे आलेत रे?"