आमची सोनारकी

आम्ही पोलादाच्या गावचे रहिवासी. सोन्याशी आमचा संबंध लग्नसराईपुरता, आणि तोही मुख्यतः खिशाला जाणवण्यापुरता! असे आम्ही गेल्या पावसाळ्यात भिलाईच्या क्वार्टरमध्ये बसून सोनारकी आरंभिली, हे ऐकून वाचकांना हसू येईल. शेगडी नाही, फुंकणी नाही, सांडशी नाही. समोर संगणकाचा पडदा आणि हाताखाली माउस, एवढीच आमची हत्यारे.

निमित्त एका छायाचित्राचे. आमचे आजोबा सातारा सोडून १९५८ साली येथे आले. पुढल्याच वर्षी, ४ फेब्रुवारीला, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या सुमारास काढलेल्या छायाचित्रात आजी नऊवारीत उभी आहे आणि तिच्या गळ्यात ठुशी आहे. १९६२ च्या हिवाळ्यात, चीनशी युद्ध चालू असता, आजीने ती ठुशी गळ्यातून काढून राष्ट्रीय संरक्षण निधीला दिली. लगेच जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले आणि चौदा कॅरटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. पुढे ती बंदी उठली; पण आजीने ठुशी पुन्हा केली नाही. बदलीच्या नोकरीत घरे बदलतात, भांडी फुटतात. आमच्याकडे राहिले ते हे छायाचित्र.

त्यावरून ठुशी पुन्हा उभी करावी असे मनाने घेतले. ब्लेंडर नावाची संगणकप्रणाली फुकट मिळते, हा नोकरदाराला पटणारा तिचा पहिला गुण. ती फुकट का, याचा शोध घेता कळले की २००२ साली तिच्या चाहत्यांनी वर्गणी काढून एक लाख युरो जमविले आणि ती सर्वांसाठी मोकळी करून घेतली. निधीला दिलेला दागिना निधीतून सुटलेल्या साधनाने घडवायचा, हा योग आम्हांला आवडला.

पहिले पंधरा दिवस आमचा मणी बटाट्यासारखा होत असे. मग युक्ती साधली. ठुशीत मणी गच्च ठासून गुंफलेले असतात. पण संगणकाला एकच मणी घडवून द्यावा लागतो. गळ्याच्या घेराची एक वक्ररेषा काढून ‘अ‍ॅरे’ची आज्ञा दिली की तोच मणी त्या रेषेवर शेकडो वेळा उमटतो. सारे मणी एकसारखे! आम्ही रूळ विभागातली माणसे. १३० मीटरचा एकसंध रूळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा हवा, तसूभर फरक दिसला की तो बाजूला काढायचा, ही आमची उपजीविका. आमची छाती फुगली.

दिवाळीला नागपुराहून आत्या आली. १९६२ साली ती दहा वर्षांची होती. तिने पडद्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “छान आहे रे. पण मागची बाजू दाखव.”

आम्ही ठुशी फिरविली. मागे काहीच नव्हते, कारण छायाचित्रात पाठ नव्हती. आत्या म्हणाली, “सणासुदीला आईची दोरी मीच बांधत असे. लाल रेशमाची होती, गोंडा झिजलेला. आणि डाव्या अंगाच्या शेवटच्या मण्याला पोचा होता. तुझ्या बाबाला दात येत होते तेव्हा कडेवर बसून तो ठुशीच चावायचा. पातळ पत्र्याचा मणी तो, बसला दबून.”

बाबांना जाऊन तीन वर्षे झाली. ही गोष्ट त्यांनी आम्हांला कधी सांगितली नव्हती. बहुधा त्यांनाही ती ठाऊक नसावी.

त्या रात्री आम्ही पोचा पाडावयास बसलो. एक मणी दाबला तर सारेच दबले; कारण ते सारे मिळून एकच मणी! अखेर ‘अ‍ॅरे’ मोडून प्रत्येक मणी सुटा करावा लागला, तेव्हा कुठे डावीकडचा तो एक हळूच दाबता आला. सारी नोकरी दोष काढून टाकण्यात गेलेल्या माणसाला एक दोष नेमक्या जागी बसवायला पहाट झाली.

दुर्गच्या एका सोनाराने सांगितले की अशा आकृतीवरून मेणाचा नमुना निघतो आणि त्यावरून सोन्याचा दागिना ओतता येतो. आमच्या सौभाग्यवतींचे डोळे चमकले. आत्या मात्र म्हणाली, “नको. आईने दिली ती दिली. परत आणल्यासारखे होईल.” सौभाग्यवती क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “खरेच.” विषय तेथेच मिटला.

आत्या नागपूरला परतली. तिच्या सांगण्यावरून रेशमाची दोरीही आम्ही केली. गोंडा अजून हवा तसा झिजत नाही. अधूनमधून रात्री आम्ही ती फाइल उघडतो. ठुशी फिरवून पाहण्याचा सोस आता उरलेला नाही. डाव्या अंगाचा शेवटचा मणी जवळ आणतो आणि तेवढाच पाहत बसतो.