टकिला, पण जरा सबुरीने!

टकिला म्हटलं की एकच सीन आठवतो. कुणाचं तरी प्रमोशन, टेबलावर ओळीने मांडलेले छोटे ग्लास, हातावर मीठ, बोटांत लिंबाची फोड आणि 'वन, टू, थ्री'! घशात जाळ, वेडंवाकडं तोंड, टाळ्या. लगेच पुढचा राउंड. या सगळ्यात चव कुठे असते? मीठ-लिंबू तर ती झाकायलाच असतं ना!

मला टकिला आवडायला लागली ती मीठ-लिंबू बाजूला सारल्यावर. गोव्यातल्या एका बारटेंडरने 'ब्लांको' चक्क वाइनच्या ग्लासात दिली, बर्फही न घालता. "घाई करू नका," एवढंच म्हणाला. पहिला घोट नुसताच तिखट. दुसऱ्यात मिरी आणि ओल्या गवताचा वास. आणि तिसऱ्यात? भाजलेलं रताळं! अगदी उपासाचं, गोडसर.

ही चव येते झाडातून. टकिला ज्या निळ्या अगेव्हपासून बनते, ते आपल्या घायपाताचं भावंड. हो, तेच बांधावरचं काटेरी घायपात, ज्याचे दोर वळतात. मेक्सिकोत, मुख्यतः हालिस्को राज्यात, हे झाड तयार व्हायला साधारण 6 ते 8 वर्षं लागतात. फुलोऱ्याचा दांडा आला की तो छाटतात, म्हणजे साखर गड्ड्यातच राहते. मग 'हिमादोर' म्हणजे तोडणी करणारा कामगार लांब दांड्याच्या धारदार अवजाराने पानं तासतो. उरतो अननसासारखा दिसणारा गड्डा, म्हणून त्याचं नाव 'पिन्या'. तो भट्टीत शिजवायचा, रस काढून आंबवायचा आणि मग गाळायचा. टकिला गावाच्या परिसरातल्या या शेतांना 2006 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. इतकी वर्षं वाढलेलं झाड आणि आपण ते एका सेकंदात गिळून मोकळे!

तुम्हालाही चव लावून घ्यायची असेल, तर आधी लेबल वाचा. '100% अगेव्ह' लिहिलेलं नसेल, तर आतली 49 टक्क्यांपर्यंत साखर दुसरीकडची असू शकते. 'रेपोसादो' लाकडी पिंपात किमान 2 महिने मुरते, 'अन्येहो' किमान 1 वर्ष. या दोन्ही नीटच प्या. नीट जमत नसेल तर पालोमा ट्राय करा: ब्लांको, ग्रेपफ्रूट सोडा, लिंबू आणि चिमूटभर मीठ. तो सोडा मिळाला नाही तर पपनसाचा रस आणि साधा सोडा. मस्त लागतं!

पण माझा खरा फायदा वेगळाच झाला. शॉट्सच्या टेबलावर ग्लास रिकामा दिसला की भरलाच म्हणून समजा. मुलगी 'नको' म्हणाली तर 'बोअर', 'हो' म्हणाली तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुजबुज. आता माझा 30 मिलीचा ग्लास तासभर पुरतो. तो रिकामाच नसल्यामुळे आग्रहही होत नाही, गप्पा शेवटपर्यंत कळतात आणि कॅबचा नंबर नीट वाचता येतो!

महाराष्ट्रात टकिलासारखं हार्ड ड्रिंक घ्यायला वयाची 25 वर्षं पूर्ण लागतात, हे कायद्याने ठरवून टाकलंय. त्यानंतर किती प्यायची आणि किती वेगाने, हे टेबलावरच्या मंडळींनी का ठरवावं?