उणे दोन

मराठीत वयाला आणि चष्म्याला एकच शब्द पुरतो, चाळिशी. मला ती ४४व्या वर्षी लागली, आणि पहिल्यांदा लागली ती अनुस्वारात. मी मुद्रितशोधनाचं काम करतो. नेहमीच्या चष्म्यातून ‘घर’ आणि ‘घरं’ सारखीच दिसायला लागली. प्रुफं लांब धरली की टिंब परत यायचं.

शाळेपासून माझा दूरचा नंबर उणे दोन. एकदा चष्मा कपाळावर सरकवून बघितलं, तर टिंबंच काय, शाईचे बारीक ठिपकेही दिसले. उणे दोनवाल्याला उघड्या डोळ्यांनी साधारण अर्ध्या मीटरपर्यंतचं स्पष्ट दिसतं. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होत जातं, जवळचं पाहताना पूर्वीसारखं फुगत नाही. पण माझ्या डोळ्याचा रोख आधीच जवळ. ज्या नंबरामुळे शाळेत ‘ढापण्या’ ऐकलं, त्यानेच पोटापाण्याचं काम वाचवलं.

अडचण झाली ती संगणकाची. पडदा दोन फुटांच्या पलीकडे, म्हणजे ना इकडे ना तिकडे. दुकानदाराने प्रोग्रेसिव्ह सुचवला. १९५९ साली फ्रान्समध्ये ‘व्हॅरिलक्स’ या नावाने तो बाजारात आला: वरून दूरचं, मधून पडद्याचं, खालून वाचायचं, आणि रेघ नाही. बाजारहाटाला उत्तम. पण त्याची कड धूसर असते आणि मधली पट्टी अरुंद. पडदा वाचायला हनुवटी वर करून बसावं लागतं, ओळीच्या टोकापर्यंत मान फिरवावी लागते. दिवसाला ऐंशी पानं तपासणाऱ्याची मान किती दिवस टिकणार? मी पडद्यापुरता उणे सव्वाचा साधा, स्वस्त चष्मा करून घेतला. आता ५२व्या वर्षी रस्त्यावर एक चष्मा, पडद्याला दुसरा, कागदाला एकही नाही. शोधाशोध होते, ती होऊ दे.

धाकट्या भावाने लेसर करून घेतलंय. “दादा, तूही नंबर काढून टाक की!”

“अरे, मग प्रुफं कशाने वाचू?”

त्याला ते पटत नाही. पण दूरचा नंबर शून्यावर आणला, की या वयात जवळचा चष्मा आलाच. एक डोळा दूरचा आणि एक जवळचा ठेवायचीही सोय असते. काहींना ती छान मानवते. मला बारा तास दोन्ही डोळे एकाच ओळीवर लागतात.

पुढेमागे मोतीबिंदू होईल. आत बसवायचं भिंग कुठल्या अंतराचं, असं तेव्हा डॉक्टर विचारतील. मी उणे दोनच मागणार आहे.