जिंतूरच्या माळावरची रुई

रुई म्हटली की आपल्याला आठवतो शनिवार आणि मारुती. देवळाच्या पायरीशी बसलेल्या बाईकडून पानांची माळ घ्यायची, रथसप्तमीला न्हाताना डोक्यावर सात पानं ठेवायची, फार तर सुजलेल्या गुडघ्यावर तेल लावून गरम पान बांधायचं. एवढीच आपली रुईशी ओळख! पण या झाडाला फळं येतात, त्यांत रेशमासारखा मऊ कापूस असतो आणि तो वाळवून त्याच्या उशा भरता येतात, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असेल? मला ते कळलं परभणी जिल्ह्यात, सासरच्या एका चुलतसासूबाईंकडे.

मनमाडहून गाडीत बसलं आणि जालना मागे पडलं, की खिडकीबाहेरची माती काळी होत जाते. परतूर, सेलू, मानवत रोड आणि मग परभणी. कापसाचा आणि ज्वारीचा हा मुलूख. दक्षिणेकडून गोदावरी जाते, पूर्णा आणि दुधना याच जिल्ह्यातून वाहतात. उत्तरेला जिंतूरकडे निघालं, की सपाट रान हळूहळू उंचावू लागतं. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे इथवर येतात. येलदरीचं धरण, चारठाण्याची जुनी देवळं, नेमगिरीची जैन लेणी पाहायला लोक या बाजूला येतात. पण एस.टी.च्या खिडकीतून त्याहून जास्त वेळा दिसते ती रुई. मुरमाड माळ, ओढ्याचा काठ, गायरान, रस्त्याची कड, जिथे दुसरं काही तग धरत नाही, तिथे ती राखी-हिरवी पानं पसरून उभी असते.

या नावाची एक गंमत आहे. मानवतच्या बाजारात कुणी ‘रुईचा भाव’ विचारला, तर तो सरकीतून वेगळ्या केलेल्या कापसाचा भाव असतो. गाद्या पिंजणाराही कापसाला रुईच म्हणतो, कारण हिंदी-उर्दूत कापूस म्हणजे रुई, आणि हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आमच्या काकू (चुलतसासूबाईंना आम्ही सगळे काकूच म्हणतो) हसून सांगतात, “बाजारातली रुई पैशाची, माळावरली रुई देवाची.”

काकूंनी आता सत्तरी ओलांडली आहे. फाल्गुन सरता सरता त्या माळाकडे नजर ठेवून असतात. रुईची बोंडं लहान कैरीएवढी, फुगीर, हिरवी. कुठे एकेकटी, कुठे जोडीनं लागलेली. त्यातलं कोणतं तोडायचं, यातच सगळं शहाणपण आहे. कच्चं हिरवंगार बोंड तोडलं तर आतलं बी पांढरं आणि तंतू ओले, चिकटलेले निघतात. ते वाळत नाहीत, कुजतात. पूर्ण उकललेलं बोंड मात्र वाऱ्यानं आधीच रिकामं केलेलं असतं. लहानपणी आपण ज्या ‘म्हाताऱ्या’ पकडायला धावत होतो, त्याच या. हवं ते बोंड या दोहोंच्या मधलं. रंग फिकट पडलेला, पोटावरची शिवण सैल झालेली, हलकेच दाबलं तर फट पडणारं. आत डोकावलं, की माशाच्या खवल्यांसारखं एकावर एक रचलेलं तपकिरी बी दिसतं आणि त्यामागे घट्ट मिटलेला चकचकीत रेशमाचा गुच्छ.

“वाऱ्याच्या आधी जायचं माय,” काकू सांगतात, “वारा उठला का म्हातारी गेली.” म्हणून सकाळीच निघायचं. जुना पूर्ण बाह्यांचा सदरा अंगात, हातात मोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि डोळ्यांवर चष्मा. बोंड हातानं पिरगाळायचं नाही, देठ ठेवून विळ्यानं किंवा कात्रीनं कापायचं. देठातून चीक टपकतो, म्हणून कापलेली बोंडं सावलीत पसरून ठेवायची आणि चीक सुकला, की मगच गोणपाटात भरायची. पदराच्या ओच्यात कधीच घ्यायची नाहीत.

घरी आल्यावर ती बाजेवर जुनं धोतर अंथरून एकेरी थरात पसरतात. ऊन नको, पण हवा खेळती हवी. ढीग केला, की बुरशी धरते. वरून जुनी मच्छरदाणी टाकायची, नाहीतर उकललेल्या बोंडातला कापूस घरभर होतो. जागा नसेल तर कांद्याच्या जाळीच्या पोत्यात अर्धीच भरून आढ्याला टांगायची. परभणीच्या कोरड्या उन्हाळ्यात आठवडाभरात टरफलं खडखडीत वाळतात. मग पंखा बंद, नाकाला ओढणी आणि एकेक बोंड उघडायचं. रेशमाचा गुच्छ फुलण्याआधीच त्याचं टोक चिमटीत धरायचं आणि दुसऱ्या अंगठ्यानं बी खरवडून पाडायचं. असं केलं, की बी एका बाजूला, कापूस दुसऱ्या बाजूला. कापूस लगेच मांजरपाटाच्या खोळीत कोंबायचा. वीण दाट हवी, विरळ कापडातून हे तंतू बाहेर येतात.

उशीला टोपलीभर बोंडं पुरत नाहीत, पोतंभर लागतात. तंतू आखूड, गुळगुळीत आणि ठिसूळ असल्यानं त्याचं सूत नीट कातता येत नाही आणि दाबून दाबून तो पुढे चपटा होतो. काकू त्यात निम्मा साधा कापूस मिसळतात. त्यानं उशी आकार धरते. ही उशी धुवायची नाही, अधूनमधून उन्हात ठेवून थोपटायची. ती इतकी हलकी असते, की हातात घेतल्यावर आपण काही धरलंय असंच वाटत नाही.

कापसाच्या जिल्ह्यात माळावरचा कापूस कशाला, असं मी त्यांना विचारलं होतं. तेव्हा त्यांनी १९७२ चा दुष्काळ सांगितला.

“कापूस इकायचा असतो बाई, घरात ठेवायचा नसतो. अन् त्या साली तर तोही न्हवता. रानाला भेगा. मी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. थोरला पोटात होता. सुकडी मिळायची, तीच खायची. रस्त्याच्या कडंला रुई तेवढी हिरवी. म्हणलं, लेकरू आलं तर त्याच्या डोक्याखाली काय घालू? मग दुपारच्या सुट्टीत बोंडं तोडायची. मुकादम हसायचा. हसू दे म्हणलं.”

त्या वर्षी मराठवाड्यातल्या हजारो बायकांनी अशी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली. बाळंतपणाची तयारी म्हणून माहेराहून काही येण्यासारखी स्थिती नव्हती, कारण माहेरीही तोच दुष्काळ. फुकट मिळणारी, कुणाच्या मालकीची नसलेली एवढीच एक मऊ वस्तू माळावर होती. रुईची मुळं खोल जातात, पानांवर मेणासारखा लेप असतो आणि चिकामुळे गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून ती टिकली. काकूंकडे ती लहानशी उशी अजून आहे. “खोळ तीच, आतला कापूस चारदा बदलला,” असं त्या सांगतात. मात्र आज डॉक्टर वर्षाच्या आतल्या बाळाला उशी देऊच नका, असं सांगतात. तेव्हा हौस म्हणूनसुद्धा तान्ह्याला ती नको.

हा कापूस केवळ गरिबाघरचा, असंही समजू नका. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली जपाननं जावा बेट घेतलं आणि तिथून अमेरिकेला जाणारा सावरीच्या जातीचा कापूस बंद झाला. बुडणाऱ्या खलाशाला तरंगत ठेवणारी जाकिटं त्यानंच भरत. मग १९४४ मध्ये तिथल्या शाळकरी मुलांना शेताच्या बांधांवर पाठवलं गेलं, आपल्या रुईच्याच कुळातल्या एका झाडाची बोंडं गोळा करायला. दोन पोती बोंडं म्हणजे एक जीव वाचला, असं त्यांना सांगत. पोती कुंपणांवर टांगून वाळवत, अगदी काकूंच्या आढ्यासारखी! या तंतूंच्या आत पोकळी असते आणि वर मेणाचा थर, म्हणून ते पाण्यावर तरंगतात.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी, मैत्रिणींनो, आणि या नीट लक्षात ठेवा. रुईचा चीक विषारी आहे. तो डोळ्यात गेला, तर कधी कधी सुरुवातीला दुखतही नाही, पण नजर धुरकट होते. दुखत नाही म्हणून थांबू नका. भरपूर स्वच्छ पाण्यानं निदान पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. चिकाचा हात चेहऱ्याला लावू नका, मुलांना तोडणीच्या वेळी दूर ठेवा. वाळलेला कापूस ठिणगीनं भसकन पेटतो, म्हणून चूल, समई, उदबत्ती यांच्याजवळ तो हाताळू नका. आणि एक गोष्ट दबक्या आवाजात नव्हे, स्पष्टच सांगते. नको असलेलं गरोदरपण घालवायला हा चीक वापरण्याचा अघोरी प्रकार आपल्याकडे होत आला आहे. त्यात बाईचा जीव जातो. १९७१ च्या कायद्यानं दवाखान्यात सुरक्षित मार्ग दिलेला आहे, तो ज्या बाईला ठाऊक नसेल तिला सांगा.

रुईचं बाईशी आणखी एक नातं जोडलं गेलं होतं. पुरुषाचं तिसरं लग्न अशुभ मानत, म्हणून दोन बायका वारलेल्या पुरुषाचं तिसरं लग्न आधी रुईच्या झाडाशी लावायचे. त्याला अर्कविवाह म्हणत. मग माणसातली नवरी आपोआप चौथी होई. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अन् झाडाला कुणी इचारलं व्हतं का?”

काकू एका झाडावरची सगळी बोंडं कधीच काढत नाहीत. निम्मी ठेवतात, वाऱ्यानं बी पसरावं म्हणून. पानांवर केशरी पंखांच्या, काळ्या-पांढऱ्या टोकांच्या फुलपाखराच्या पट्टेरी अळ्या असतील, तर त्या झाडाला हातही लावत नाहीत. रस्ते रुंद होताना कडेची रुई आधी जाते, हे त्यांनी पाहिलं आहे.

चैत्रात कधी परभणीकडे जाणं झालं, तर सेलूच्या पुढे खिडकीशी बसा. रुळांच्या कडेला बोंडं उकलत असतील. आणि एखादी म्हातारी डब्यात शिरलीच, तर मुलांना ती पकडून दाखवा, तिचं बी कुठे असतं ते दाखवा आणि पुन्हा खिडकीबाहेर सोडून द्या.